वकिलात म्हणजे वकील नव्हे

आमच्या पुसेगावचे नाव काढले की लोकांना साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. आमचे हे हिंगोली जिल्ह्यातले. मी शिक्षक होतो, त्यामुळे कागद वाचून घ्यायला लोक अजूनही घरी येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ रात्री आले. आखातात कामाला गेलेल्या त्यांच्या मुलाला पोलिसांनी धरले होते. ‘‘गुरुजी, वकिलातीला कळवलं तर ते सोडवून आणतील का? वकीलच हायेत ना ते?’’

घोटाळा शब्दाने केला होता. वकिलात म्हणजे आपला दूतावास. तिथले अधिकारी अटकेतल्या माणसाला भेटू शकतात, घरी निरोप देतात, वकील मिळवून द्यायला मदत करतात. गरजूंसाठी २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. पण ते कोर्टात उभे राहत नाहीत आणि सुटका तर त्यांच्या हातात नसतेच. खटला त्या देशाच्या कायद्यानेच चालतो.

मग उपयोग काय? कुलभूषण जाधव यांचे प्रकरण पाहा. नौदलाचे हे निवृत्त मराठी अधिकारी ३ मार्च २०१६ पासून पाकिस्तानच्या ताब्यात होते. भारताला कळवले २५ मार्चला. भेटीची मागणी वारंवार नाकारली गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाची फाशी जाहीर झाली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपल्या बाजूने उभे राहिलेले हरीश साळवेही महाराष्ट्रातलेच. त्यांनी फी घेतली एक रुपया. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितले, की पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम मोडले. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क जात नाही. शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका. भारताने सुटकाही मागितली होती. ती मात्र न्यायालयाने दिली नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी आपला अधिकारी जाधवांना प्रथम भेटला.

त्या कलमात एक मेख आहे. पोलिसांनी कैद्याला हा हक्क विनाविलंब सांगायचा. पण दूतावासाला कळवायचे ते कैद्याने मागणी केली तर! आमच्या पोराने ती केलीच नव्हती. मालक चिडेल, ही भीती. अनेक देशांत कैद्याच्या संमतीशिवाय त्याची माहितीही देत नाहीत.

घरच्यांनी परराष्ट्र खात्याकडे तक्रार करावी, हा दुसरा रस्ता. त्यासाठी २०१५ पासून ‘मदद’ नावाची संगणकीय सोय आहे. आम्ही बसलो, तर पहिलाच प्रश्न पासपोर्ट क्रमांकाचा. घरात झेरॉक्स नव्हती. एजंट फोन उचलेना. अखेर मुलाच्या जुन्या ट्रंकेत विम्याच्या कागदावर तो क्रमांक सापडला, त्यात चार दिवस गेले. पुढे अधिकारी त्याला भेटले, त्याने संमतीची सही केली आणि आरोप नेमका काय आहे हे बापाला पहिल्यांदा कळले. शिक्षा भोगूनच तो परतला.

आता गावातून कुणी बाहेर निघाला की मी पासपोर्टच्या दोन झेरॉक्स मागतो. एक त्याच्या आईजवळ राहते, एक माझ्या कपाटात.