कायद्याचा उंबरठा

कामगार कायदे सैल केले की रोजगार वाढतो आणि विषमता आपोआप घटते, असे मत आपल्याकडे सर्रास मांडले जाते. उलट, कायदा झाला की शोषण थांबले, अशी भाबडी समजूत चळवळीतही आढळते. माझ्या मते दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देतात. कायदा कोणापर्यंत पोचतो आणि कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवतो, हे आधी विचारले पाहिजे.

भिवंडीचे उदाहरण घेऊ. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने विजेवर चालणाऱ्या कारखान्याला 10 कामगारांची अट घातली. आठवड्याला 48 तास, जादा कामाला दुप्पट मजुरी, भरपगारी रजा, हे सारे त्या अटीच्या पलीकडे. मग एकाच छपराखालचे माग भाऊ, बायको, मुलगा यांच्या नावांवर वाटले गेले. कागदावर प्रत्येक कारखाना दहाच्या आत राहिला, आणि कारागिराच्या वाट्याला 12 तासांची पाळी व मीटरवरची मजुरी आली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे बरेच विणकाम अशा मागांकडे वळले. कापड बाजारात येतच राहिले. ते विणणारा माणूस मात्र कायद्याच्या बाहेर गेला.

उंबरठा नेहमी कायद्यातच लिहिलेला असतो असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्याची दारे बंद होती. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावाही त्यांनीच केला. कायदा हवा आणि त्याच्या दारावरची जातही हटली पाहिजे, अशी ही दुहेरी भूमिका होती.

अमेरिकेचा अनुभव याहून निराळा नाही. 1938 च्या किमान वेतन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेत या कामांत काळ्यांचीच संख्या मोठी. 1966 च्या दुरुस्तीने मोठी शेते, हॉटेले, इस्पितळे, शाळा कायद्याखाली आल्या. त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या मिळकतीतले जे अंतर कमी झाले, त्यातला पाचव्या हिश्शाहून अधिक भाग या एका विस्तारामुळे, असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. स्वीडनमध्ये तर किमान वेतनाचा कायदाच नाही. पण दहांतले सुमारे नऊ कामगार सामुदायिक कराराखाली येतात, म्हणून तेथे मजुरीतली दरी अरुंद आहे. कायद्याने असो वा कराराने, व्याप्ती महत्त्वाची.

ठाण्याहून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. आज हा पट्टा गोदामांचा आहे. येथील हमालांशी बोलताना मी पहिला प्रश्न विचारतो, "तुमची नोंद कोणाकडे?" 1969 च्या माथाडी कायद्याचे वैशिष्ट्य असे, की तो एका मालकाकडे किती माणसे आहेत हे मोजत बसत नाही. ज्या धंद्यांना तो लागू आहे तेथे मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची; मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस देते. मालक बदलला तरी नोंद टिकते. म्हणून शेजारी-शेजारी तेच ओझे उचलणाऱ्या दोघांत, एकाला म्हातारपणाची सोय असते आणि ठेकेदाराच्या माणसाला फक्त त्या दिवसाची रोजी मिळते.

नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितांनी विजेवरच्या कारखान्याची अट 10 वरून 20 कामगारांवर नेली. म्हणजे भिवंडीत पूर्वी कागद फोडून जे करावे लागे, ते आता पुष्कळ ठिकाणी राजरोस करता येईल. म्हणून कार्यकर्त्यांनी मजुरीच्या दराइतकेच या आकड्याकडे लक्ष द्यावे. माणसे मोजून हक्क देणारा कायदा मालकाला माणसे लपवायला शिकवतो. कामावरून हक्क देणारा कायदा मागितला पाहिजे, आणि त्याच्या नोंदवहीत कोणाची नावे नाहीत, हे वस्तीवस्तीत जाऊन तपासले पाहिजे.