कधी लागतो, कधी नाही

'भाऊ, ट्रॅक्टर लागत नाही,' असा फोन आला की मी चहा संपवूनच निघतो. जो लागतच नाही, त्याचं दुखणं एका जागी बसलेलं असतं; हात लावला की सापडतं. धास्ती असते ती त्याच्या पुढच्या वाक्याची. 'म्हणजे लागतो तसा. पण कधी कधी.'

निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध, रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक मिनी ट्रॅक्टरवालं. १८ ते २८ हॉर्सपॉवरचे हे बुटके डिझेल ट्रॅक्टर वेलींच्या दोन ओळींतून, मांडवाखालून, मागे ब्लोअर घेऊन जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असते आणि नेमका पाऊस येतो. केवडा रोगाच्या भीतीनं माणसं पहाटे चार वाजता फवारणीला उभी असतात. टाकीत औषध कालवून तयार, आणि चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या तोंडून जे निघतं, ते छापण्याजोगं नसतं.

गंमत अशी की तोच ट्रॅक्टर माझ्या शेडपर्यंत आला, की पहिल्या चावीला लागतो. दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, तसं. गिऱ्हाईक ओशाळतं. 'आईशप्पथ भाऊ, सकाळी लागत नव्हता.' मला त्याची शपथ नको असते. मी खिळ्याला अडकवलेली वही काढतो आणि एकच विचारतो: 'कधी?'

त्या वहीत वीसेक वर्षांची उत्तरं आहेत. 'उन्हात.' 'धुतल्यावर.' 'दसऱ्यापासून.' आणि एका पानावर: 'वडील बसले की.'

हा किस्सा आधी सांगतो. ट्रॅक्टर माझ्याकडे यायच्या आधी दोन जागी फिरून आला होता. बॅटरी नवी, चावीचा स्विच नवा, सेल्फ, म्हणजे स्टार्टर, उघडून कार्बन आणि बुश नवे. पैसे गेले, दुखणं तिथंच. घेऊन आला होता मुलगा. त्यानं माझ्यासमोर दहा वेळा चावी मारली, दहाही वेळा लागला. मी म्हटलं, 'मग अडचण काय?' तो हसून म्हणाला, 'माझं ऐकतो. तात्यांचं ऐकत नाही.' तात्या शेजारी उभे होते, पण ते हसले नाहीत. घरात या गोष्टीवरून काय काय बोलणं झालं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हातारपणी लोखंडानंही ऐकणं सोडावं, हे कुणाला आवडेल?

मी म्हटलं, 'तात्या, तुम्ही बसा.' ते बसले, क्लच दाबला, चावी फिरवली. काही नाही. साधं 'टक्'सुद्धा नाही. पुन्हा, काही नाही. मुलगा बसला, लागला. मी ट्रॅक्टरकडे बघणं सोडून पायांकडे बघायला लागलो. मुलगा क्लच पार तळाला नेत होता. तात्यांचा डावा गुडघा दुखरा. पेडल तळापासून बोटभर वरच थांबत होतं.

या लहान ट्रॅक्टरमध्ये चावीपासून सेल्फपर्यंत करंट सरळ जात नाही. बॅटरी, फ्यूज, चावी, मग क्लचखालचा स्विच, कुठे गिअर न्यूट्रलचा, कुठे पीटीओचा, आणि शेवटी सेल्फवरच्या सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल. साखळीतला एक जरी दरवाजा बंद असला तरी पुढं अंधार. इथं क्लचच्या स्विचचा नट ढिला होऊन स्विच थोडा खाली सरकला होता. तरण्या पायाला तो लागायचा, दुखऱ्याला नाही. दोन नंबरी पाने आणि पाच मिनिटं. तात्यांनी चावी मारली, लागला. बंद केला, परत मारली. असं त्यांनी पाच वेळा केलं आणि मग मुलाकडे पाहिलं. त्या पाहण्याचे मी पैसे घेतले नाहीत.

लोक म्हणतात, हे सेफ्टी स्विच म्हणजे कंपनीनं लावलेली कटकट, काढून डायरेक्ट करा. रोज एक तरी असा येतो. मी करत नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

एकोणिसाव्या वर्षी मी वस्तादांकडे शिकत होतो. बांधावर एक ट्रॅक्टर अडला होता. मला शहाणपणा सुचला. मागच्या चाकापुढं जमिनीवर उभा राहिलो आणि पेचकसानं सेल्फचा मोठा नट आणि छोटं टर्मिनल जोडून दिलं. ठिणगी उडाली, सेल्फ फिरला, इंजिन लागलं. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. डिझेल इंजिनाला प्लगच्या ठिणगीची गरज नसते. हवा दाबून तापली आणि डिझेल पडलं की ते चालतं, आणि त्या ट्रॅक्टरचं डिझेल चावीनं नाही, दांडी ओढून बंद करायचं होतं. ती दांडी सीटपाशी आणि मी खाली. चाक माझ्या गुडघ्याला घासून गेलं. मी मागं पडलो म्हणून वाचलो. ट्रॅक्टर मांडवाचे दोन अँगल वाकवून, तारांत गुंतून थांबला. मालक धावत आला, माझ्याकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं आणि घरात जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. वस्ताद मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

असो.

'दसऱ्यापासून' ही नोंद माझी आवडती. खंडेनवमीला आमच्याकडे विळ्याकोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. या गड्यानं त्या वर्षी ट्रॅक्टर नुसता धुतला नाही, रंगवूनच घेतला. नवरदेव दिसत होता. त्यानंतर मात्र सेल्फ कधी जोरात फिरायचा, कधी कण्हायचा, कधी गप्प. बॅटरी बदलून झाली होती. आमच्या धंद्यात बॅटरी बदलणं हे तापावर गोळी देण्यासारखं आहे. सगळे आधी तेच करतात.

मी विचारलं, 'चावी मारताना आणखी काही होतं का?' तो म्हणाला, 'दुसरं काही नाही. फक्त ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जरा धूर येतो.' फक्त! मी हातातला चहा ठेवला.

करंटला सेल्फमधून परत बॅटरीकडे जावं लागतं, आणि ही परतीची वाट म्हणजे अर्थिंगची पट्टी. रंगाऱ्यानं पट्टी सोडली, इंजिनापासून चासीपर्यंत सगळं छान रंगवलं आणि रंगावरच पट्टी आवळली. रंग म्हणजे इन्सुलेशन. नटाच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा करंट जायचा. तेही जमेना तेव्हा तो दुसरी वाट शोधायचा, आणि त्याला सापडली ॲक्सिलरेटरची बारीक केबल. सेल्फचा शंभरावर अँपियरचा भार तिच्यातून गेला तर ती धुरावणारच. खात्रीसाठी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून चावी मारायला सांगितलं. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. चार दिसले. कानशीनं रुपयाएवढी जागा घासून चकचकीत केली, पट्टी आवळली, वरून ग्रीस. नव्या रंगावर कानस चालताना त्या माणसाचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

आता माझी फजिती. 'उन्हात' या नोंदीखाली सात-आठ ट्रॅक्टर आहेत, आणि त्यातल्या पहिल्याला मी चुकीचं औषध दिलं. तक्रार अशी: सकाळी मस्त लागतो, दुपारी दोन तास काम करून बंद केला की 'टक्' करून बसतो, अर्ध्या तासानं आपोआप बरा. मी सेल्फ उघडला, पॉलिश केला, पैसे घेतले. चार दिवसांनी तो परत दारात. पुन्हा सेल्फ उघडला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो काही बोललाच नाही, नुसता समोर बसून राहिला. ते जास्त लागलं.

मग कळलं ते असं. सोलेनॉइडच्या आतला दांडा ओढायला पहिल्या क्षणी चांगला तीसेक अँपियर करंट लागतो, आणि तो येतो चावीच्या वाटेनं: जुना स्विच, दोन-तीन कप्लर, बारीक वायर. प्रत्येक जोड थोडे थोडे व्होल्ट खातो. थंडीत, म्हणजे सकाळी, उरलेल्यात भागतं. पण तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. इंजिनाला चिकटलेलं सोलेनॉइड ६० अंशांनी तापलं तर जवळजवळ पाव हिस्सा विरोध जास्त. सकाळी काठावर पास होणारा दुपारी नापास. चावीचा स्विच बदलला आणि मध्ये एक रिले बसवला, की सोलेनॉइडचा भार सरळ बॅटरीकडून यावा. सेफ्टी स्विच होते तसे साखळीत ठेवले. दोन्ही वेळच्या सेल्फकामाचे पैसे परत केले. तो नको म्हणाला, पण फार जोर लावून म्हणाला नाही.

मीटरनंही मला बरंच फसवलं आहे. नवी पोरं मीटरवर '१२.६' बघतात आणि म्हणतात, 'दादा, सप्लाय आहे.' वायरच्या चाळीस तारांतली एकच शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास मागतच नाही. मागणारा कुणीतरी लावला पाहिजे. म्हणून माझ्याकडे २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून ठेवलेला असतो. तो पावणेदोन अँपियर मागतो. वायर खरी असेल तर लखलखतो, ढोंगी असेल तर मिणमिणतो. वस्ताद म्हणायचे, मीटर पाहुणा आहे, बल्ब सावकार आहे.

अशा ढोंगी वायरी आमच्या भागात जास्त, त्याला कारण आमचाच, बोर्डोतला मोरचूद. बोर्डो मिश्रण करणारा कुठलाही बागाईतदार जाणतो: द्रावणात लोखंडी विळा बुडवायचा, त्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे, अजून घाला. जे द्रावण विळ्यावर चढतं, त्याचा तुषार रोज ट्रॅक्टरवर पडतो. वर रबर काळंभोर, नवं दिसतं. ब्लेडनं चिरलं की आत तांब्याची हिरवी भुकटी. बोटांत धरून हळू ओढली तर वायर लांबते. खरं तांबं असं लांबत नाही, नुसतं रबर लांबतं. ही खूण कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही.

वहीतली सगळ्यात विचित्र नोंद गेल्या वर्षीची. मी विचारलं, 'कधी?' गडी इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, 'अमावस्येला.'

माझा पोरगा फिसकन हसला. मी त्याला चहा आणायला पाठवलं. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागत नाही, दुपारनंतर लागतो, मग महिनाभर तक्रार नाही. कुणीतरी करणी केली आहे, असं घरचं मत पडलं होतं. उतारा काढून झाला होता. मी विचारलं, अमावस्येला तुम्ही ट्रॅक्टरचं काय करता? 'काय करणार, धुतो. नारळ फोडतो, लिंबू-मिरची बदलतो.' कशानं धुता? 'ब्लोअरच्या पंपाची गन आहे ना, तिनं. एकदम चकाचक.'

फवारणीच्या पंपाचं प्रेशर म्हणजे थट्टा नाही. डॅशबोर्डाखाली चावीच्या वायरिंगचा कप्लर तोंड वर करून बसला होता, वाटीसारखा. त्यात पाणी साचायचं आणि दुपारच्या उन्हात वाळायचं. पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या साफ केल्या, कप्लर उलटा करून वर बांधला आणि म्हटलं, 'धुवा खुशाल, पण इथं गन मारू नका.'

पुढच्या अमावस्येनंतर मीच फोन केला. लागला म्हणाला, पहिल्या चावीला. महिन्याभरानं त्याच रस्त्यानं जात होतो, म्हणून डोकावलो. डॅशबोर्डाखाली वाकून पाहिलं तर लिंबू-मिरची आता समोरच्या बंपरवर नव्हती. दुखणं जिथं होतं तिथं, बरोबर त्या कप्लरलाच बांधली होती. लिंबाचा रस गळत होता. मी ती सोडली, पिना पुन्हा पुसल्या आणि तिला परत बंपरवर नेऊन बांधली.