जुनी होडी, दोन मोटर, चार केबल: मापात चुकलात तर नफा गेला

व्हिडिओत आपण जुनी लाकडी होडी दुरुस्त करून तिच्यावर दोन आउटबोर्ड मोटर बसवल्या. आज बोलू कंट्रोल केबलबद्दल. मालवण, देवबाग, अलिबाग अशा किनाऱ्यावर मोटर सर्व्हिसिंगचा धंदा करायचा असेल, तर हे आलंच पाहिजे.

केबल किती? प्रत्येक मोटरला दोन: एक गिअरची, एक थ्रॉटलची. म्हणजे दोन मोटरना चार. स्टिअरिंग वेगळं.

आधी माप, मग ऑर्डर. ही केबल ठरावीक लांबीतच मिळते. कापता येत नाही, जोडता येत नाही. चुकीची आली की पैसे अडकले! दोरी घ्या आणि केबल जाणार त्याच वाटेने लावा. समजा लिव्हरपासून कडेपर्यंत 3 फूट, कडेने 8, मागून मोटरपर्यंत 3. शिवाय मोटर वळते, वर उचलली जाते, त्या लूपला 2 धरा. झाले 16 फूट. दुसरी मोटर लांब असेल तर तिचं माप वेगळं घ्या. वळणाची त्रिज्या साधारण 8 इंचांपेक्षा कमी नको, नाहीतर लिव्हर जड होतो. मोटरचा मेक आणि मॉडेलही लिहून घ्या, कारण केबलची टोकं सगळ्यांची सारखी नसतात.

जुनी केबल चालेल का? मोटरकडचं टोक सोडा आणि लिव्हर हलवा. हलका झाला तर दोष मोटरच्या बाजूला. तरीही जड, तर केबल किंवा कंट्रोल बॉक्स. मग तिकडचं टोकही सोडून केबल हाताने ओढून बघा. खाऱ्या हवेने आतली तार गंजली असेल तर तेल घालत बसू नका, बदला.

जोडणी. इंजिन बंद, चावी खिशात. आधी गिअर: लिव्हर न्यूट्रलला, मोटरही न्यूट्रलला. पंखा हाताने मोकळा फिरला पाहिजे. केबलचं टोक जोर न लावता पिनवर बसेल इतकं फिरवा, पण पुरेसे आटे आत राहू द्या. पंखा हळू फिरवत पुढचा आणि मागचा गिअर पूर्ण पडतो का बघा. मग थ्रॉटल: लिव्हर मागे आणला की मोटर पूर्ण आयडलवर आली पाहिजे. शेवटी दोन्ही लिव्हर एका रेषेत आणा.

जेटीला लागताना रिव्हर्स पडला नाही तर होडी थांबत नाही, आणि समोर माणसं उभी असतात. म्हणून होडी घट्ट बांधून, पंख्याजवळ कोणी नाही हे बघून, पाण्यात चाचणी घेतल्याशिवाय ताबा देऊ नका.

कोटेशन. केबल आणि मजुरी वेगळी लिहा. जुनी केबल ठेवायचा हट्ट गिऱ्हाईकाने धरला, तर नम्रपणे नाही म्हणा. एक काम गेलं तरी चालेल, पण बंदरावर नाव गेलं की धंदा गेला.