खिडकी किती उघडते?

परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत नव्या टॉवरची जाहिरात लागली, की तिच्यात ‘हरित’ हा शब्द हमखास असतो. गच्चीवर सौर पॅनेल, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प, वाहनतळात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर, पोडियमवर झाडं. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. पण या सगळ्या वस्तू विकत आणून बसवता येतात, मोजता येतात आणि माहितीपत्रकात छापता येतात, म्हणून त्यांचीच चर्चा होते. मुंबईच्या बेटावर घर किती हरित आहे हे ठरवणारा पहिला प्रश्न मात्र त्या पत्रकात नसतो: हे घर वर्षातले किती महिने एसीशिवाय राहण्याजोगं आहे? त्याचं उत्तर यंत्रं देत नाहीत. घराला खिडक्या कुठे आहेत, त्या किती उघडतात आणि समोरची इमारत किती अंतरावर आहे, यावर ते अवलंबून असतं. म्हणजे पहिली वीट बसण्याआधी, नकाशावरच ते ठरून जातं.

यामागचं कारण हवामानात आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची ही भूमी जेमतेम ६८ चौरस किलोमीटरची आणि बहुतांशी समुद्राने वेढलेली. मे महिन्यात नागपूरचा पारा ४३ अंशांच्या आसपास असतो तेव्हा इथे तो साधारण ३३-३४ वर थांबतो. तरी जीव नको होतो, कारण हवेत इतकं बाष्प असतं की घाम वाळत नाही. विदर्भातला कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो तोही याचमुळे. दमट हवेत आणखी पाणी मिसळून गारवा येत नाही. इथे उपयोगी पडते ती वाहती हवा. ती अंगावरून गेली की घाम उडतो आणि तापमान तेवढंच असूनही दोन-तीन अंशांनी कमी वाटतं. ही हवा समुद्र फुकट पुरवतो, उरलेलं काम पंखा करतो. साध्या छतपंख्याला सुमारे ७५ वॉट लागतात, नव्या बीएलडीसी पंख्याला ३० च्या आसपास. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॉटच्या घरात जातो. एका एसीच्या विजेत नवे पन्नास पंखे फिरतील, एवढा हा फरक आहे.

हे शहाणपण मुंबईला कधीच नव्हतं असं नाही. १८९६ ची प्लेगची साथ आली आणि दोन वर्षांत, १८९८ मध्ये, ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग माजतो, अशी तेव्हाची धारणा होती. प्लेगचा प्रसार उंदीर-पिसवांमुळे होतो हे नंतर सर्वमान्य झालं, पण चुकीच्या निदानातून निघालेला उपाय शहराला मानवला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढताना समुद्रावरची हवा आतवर पोचावी, हा उघड हेतू होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खिडकीसमोरची इमारत त्या कोनाच्या रेषेपेक्षा वर जाता कामा नये. सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी. बांधकाम कमी बसतं म्हणून घरमालकांना तो जाचक वाटे, यात नवल नाही. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत आजही भर दुपारी फिरून पाहावं. त्या काळचे नियम शंभर वर्षांनंतरही अंगाला जाणवतात. गिरगावातल्या वाड्यांमधल्या गॅलऱ्यांनी तेच काम वेगळ्या तऱ्हेने केलं: ऊन-पाऊस भिंतीपासून लांब ठेवला आणि दारावरच्या व्हेंटिलेटरला वारा दिला. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींवरचे वळणदार छज्जे लोक शोभा म्हणून पाहतात, पण ती खिडकीवर धरलेली सावली आहे.

आता आजची खिडकी पाहू. केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. उष्ण-दमट प्रदेशात उघडू शकणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश असावं, असं ती सांगते. ‘उघडू शकणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. मुंबईत गेल्या काही दशकांत सरसकट बसलेली अॅल्युमिनियमची दोन काचांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, कारण एक काच सरकून दुसरीमागे जाते. बिजागरीवरची जुनी झडप जवळजवळ सगळी जागा मोकळी करत असे. म्हणजे कागदावरची पाच फुटांची खिडकी वाऱ्याच्या हिशेबात अडीच फुटांची. शिवाय वारा आत यायला बाहेर पडण्याची वाटही लागते. मधल्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना फ्लॅट असलेल्या इमारतीत घराला एकच बाजू मोकळी असते, तिथे मोठी खिडकीही फारशी कामाला येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही चाळींची स्मरणरंजनी आरती झाली. आक्षेप रास्त आहे. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींचंच उदाहरण घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. आणि तिथेही दोन ओळींच्या मधून जाणारा अंधारा पॅसेजच. चाळ म्हणजे हवेशीर, हे समीकरण तिथेच मोडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला. स्वतःचा संडास, स्वतःची मोरी मिळालेल्या माणसाला गॅलरीचं कौतुक ऐकवणं उद्धटपणाचं होईल. पण घर मोठं मिळालं म्हणून हवेचा प्रश्न संपत नाही. बेटाबाहेर गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारती अवघ्या तीन मीटर अंतराने उभ्या राहिल्या. तिथल्या पाहणीत, ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. प्लेगने शिकवलेला धडा शहराने पक्क्या सिमेंटमध्ये पुन्हा गिरवला.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. खिडकी उघडली की धूळ, हॉर्न आणि डास येतात, उन्हाळेही पूर्वीपेक्षा कडक झालेत, मग एसी नको कसं म्हणायचं? नको म्हणायचं कारण नाही. मे महिन्याच्या रात्री वृद्धांना, आजाऱ्यांना एसी लागतो आणि तो मिळायलाच हवा. प्रश्न तो डिसेंबरातही लागावा असं घर बांधण्याचा आहे. एसी उष्णता नष्ट करत नाही, बाहेर टाकतो. इमारती चिकटून असतील तर एकाचा कंडेन्सर शेजाऱ्याच्या खिडकीत गरम हवा सोडतो, शेजारी खिडकी लावून स्वतःचा एसी घेतो, आणि हे चक्र डक्टभर चढत जातं. शिवाय ही वीज येते कुठून, हाही प्रश्न आहे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली, म्हणजे सह्याद्रीच्या पावसावर हे शहर चाललं. आजच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे. २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. दर खोलीला एसी गृहीत धरणाऱ्या इमारती मंजूर करत ते गाठणं मला तरी शक्य वाटत नाही.

राहिला जागेच्या टंचाईचा मुद्दा. बेटावर जमीन नाही, म्हणून उंच जावं लागतं, हे खरंच. उंचीला विरोध असायचं कारण नाही. वरच्या मजल्यांना वारा चांगला मिळतो. फटका खालच्यांना बसतो, आणि पुनर्विकासात ते मजले बहुधा मूळ रहिवाशांच्या वाट्याला येतात. नियमांत सोडायच्या मोकळ्या जागेत तूट असेल तर महापालिका प्रीमियम भरून घेऊन ती माफ करते. शेजाऱ्याच्या वाट्याचा उजेड-वारा असा पैशात मोजला जातो, आणि तो पैसा शेजाऱ्याला मिळत नाही. माझ्या मते ही माफी निवासी इमारतींपुरती तरी बंद व्हावी.

धोरण बदलायला वेळ लागेल, तुमच्या सोसायटीची सभा मात्र कदाचित पुढच्याच महिन्यात असेल. विकासक नकाशे घेऊन येईल तेव्हा क्लबहाऊसच्या आधी तिसऱ्या मजल्याचा नकाशा मागा. खिडकी सरकती की झडपांची, खोलीला दुसरीकडून हवा जायला वाट आहे का, आणि समोरची भिंत किती मीटरवर, एवढं विचारा. उत्तरं तोंडी घेऊ नका, करारनाम्यात लिहून घ्या. ताबा मिळाल्यावर पंखा बदलता येतो, भिंत सरकवता येत नाही.