यात डोंगर कुठाय?

आमच्या वास्तुशांतीला वन्संनी स्वतः काढलेलं चित्र भेट दिलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या जलरंग शिकल्या. मी कागद सोडवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘वन्सं, यात डोंगर कुठाय?’’ बायका हसल्या. वन्संही हसल्या. चित्र माळ्यावर गेलं. पुढे दिवाळीला त्या आल्या, बैठकीच्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मैत्रिणींनो, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं!

परवा माळा आवरताना ते हाती लागलं. लेक एटीडी करतेय. म्हणाली, ‘‘आई, लगेच नावं शोधू नकोस. आधी लांबून बघ.’’ वर करडा-निळा ओघळ, खाली ओला हिरवा, मध्ये नुसता पांढरा. तो पांढरा रंग नाहीच म्हणे, कोरा सोडलेला कागद! जलरंगात उजेड असा राखून ठेवावा लागतो. कागद आधी ओला करायचा, मग रंग सोडायचा. तो आपल्या वाटेनं पसरतो. ओल जास्त झाली की चिखल, कमी पडली की कडा कडक. तेलरंगासारखं वरून थर देऊन झाकताही येत नाही. म्हणजे आपला लाडवाचा पाकच की, क्षण चुकला की गेला.

मग तिनं मोबाइलवर इंग्लंडच्या टर्नरचं १८४२ सालचं ‘ब्लू रिगी’ दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न सरोवराकाठचा डोंगर, पहाटेच्या निळाईत जेमतेम उरलेला. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून २००७मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयासाठी लोकांनी पाच-पाच पौंड वर्गणी दिली होती. त्याच्या काही कागदांवर तर रंगाचे नुसते दोन-तीन पट्टे आहेत. तेही जपून ठेवलेत. आणि मी माळ्यावर टाकलं होतं!

पुन्हा पाहिलं आणि एकदम आठवलं, वन्संची नोकरी आंबा घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून तिथे डोंगर दिसतो कुठे? धुकंच दिसतं. खाली थोडं हिरवं.

त्याच संध्याकाळी खिळा ठोकला. फोन केला, ‘‘वन्सं, तुमचं चित्र बैठकीत लावलंय. आणि त्या दिवशी मी चुकले.’’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘‘अगं, उलटं नाही ना लावलंस?’’

फोन हातात धरूनच मी सही बघायला गेले.