एका झाडाचे दोन धनी

सावनेरहून उत्तरेकडे निघालेली एस.टी. तासाभराच्या आत राज्याची हद्द ओलांडते. सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या बागा तशाच, कपाशी तशीच, आणि बाजारात कानी पडणारी मराठीही बहुतांशी तीच. बदलतो तो कायदा. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. अलीकडे महाराष्ट्रात, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, परवान्यावाचून भांग बाळगणे हा गुन्हा ठरतो. परंतु त्याच झाडाच्या पानांऐवजी फुलोऱ्याचा, म्हणजे गांजाचा प्रश्न आला की ही हद्द नाहीशी होते. तेथे दोन्हीकडे केंद्राचा एकच कायदा लागू होतो. झाड एक, पण त्याची पाने राज्याच्या ताब्यात आणि फुले केंद्राच्या, अशी ही विलक्षण वाटणी आहे. अमेरिकेत वैद्यकीय गांजावरून राज्ये आणि संघसरकार यांच्यात तीन दशके चाललेल्या वादाकडे पाहताना आपल्या घरची ही वाटणी तपासून घेणे अगत्याचे आहे.

ही वाटणी कशी झाली?

एकोणिसाव्या शतकात गांजा हा सरकारी उत्पन्नाचा रीतसर विषय होता. नागपूर ज्यात मोडत असे त्या मध्यप्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील खांडवा भागापुरती मर्यादित केलेली होती, तर मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. ब्रिटिश पार्लमेंटात या व्यसनाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमण्यात आले. अकराशेहून अधिक साक्षी घेऊन १८९४ मध्ये त्याने आपला अहवाल सादर केला. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर, परवाना व मर्यादित लागवड यांच्याद्वारे नियंत्रण ठेवणे श्रेयस्कर, असा त्याचा निष्कर्ष होता. महसुलावर डोळा असलेल्या सरकारला हा निष्कर्ष सोयीचा होता, हे खरे. पण निष्कर्ष सोयीचा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही.

पुढे मध्यप्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर विभाग मुंबई राज्यात गेला, आणि कालांतराने सावनेरकरांना मुंबईचा दारूबंदी कायदा लागू झाला. त्यांच्या जुन्या प्रांताचा अबकारी कायदा मात्र मध्य प्रदेशात मागे राहिला. हद्दीच्या दोन बाजूंच्या आजच्या फरकाचे मूळ हे असे आहे. त्यात शास्त्र नाही, इतिहासाचा योगायोग आहे.

राज्यघटनेनेही हा विषय एका हाती दिलेला नाही. राज्यसूचीतील ५१ व्या नोंदीने अफू, भांगवर्गीय व इतर अमली द्रव्यांवरील अबकारी कर राज्यांकडे सोपविला. समवर्ती सूचीतील १९ व्या नोंदीत औषधे व विषे ही दोघांच्या वाट्याला आली. कलम ४७ ने मादक द्रव्यांच्या बंदीचा प्रयत्न करण्यास राज्यसंस्थेला सांगितले, पण ‘औषधी प्रयोजनाखेरीज’ असा अपवाद त्याच वाक्यात नोंदवून ठेवला. बंदीचे समर्थक या कलमाचा आधार घेतात, तेव्हा हा अपवाद बहुधा त्यांच्या नजरेतून निसटतो.

दरम्यान १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला. भांगेच्या पानांना व बियांना त्याच्या व्याख्येतून वगळले गेले, आणि गांजाचा बिगरवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत मिळाली. तिला अनुसरून संसदेने १९८५ मध्ये अमली औषधी द्रव्ये कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला, आणि गांजावरील बंदी १९८९ मध्ये पुरी झाली. ज्या द्रव्यावर राज्ये कालपर्यंत कर वसूल करीत होती, त्याच्या वीस किलोंहून अधिक साठ्याला आज दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे.

अमेरिकेतील रस्सीखेच

अमेरिकेत संघाच्या १९७० च्या कायद्याने गांजाला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ‘वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या’ द्रव्यांत बसविले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय गांजाला मान्यता दिली आणि ठिणगी पडली. रुग्णाने आपल्या परसात स्वतःपुरता गांजा लावला तर संघसरकार त्यात हात घालू शकते काय, हा प्रश्न २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ‘होय’ म्हटले. आधार होता आंतरराज्य व्यापारावरील संघाच्या अधिकाराचा, आणि पूर्वाधार होता १९४२ चा एक निवाडा, ज्यात शेतकऱ्याने घरच्या वापरासाठी पिकविलेला गहूसुद्धा राष्ट्रीय बाजारभावावर परिणाम करतो असे ठरले होते. अर्थशास्त्राचा युक्तिवाद न्यायालयात किती दूर पोचतो, याचा हा नमुनाच!

राज्ये मात्र मागे हटली नाहीत. बहुसंख्य राज्यांनी वैद्यकीय वापर कायदेशीर केला. २०१४ च्या अखेरीस खुद्द काँग्रेसने न्यायखात्याला अशा राज्यांतील वैद्यकीय व्यवस्थेविरुद्ध पैसा खर्च करण्यास मनाई केली, आणि मे २०२४ मध्ये गांजाला कमी कडक परिशिष्टात हलविण्याचा प्रस्ताव संघसरकारनेच मांडला. कायदा कायम ठेवायचा आणि तो अमलात आणण्यासाठी पैसा द्यायचा नाही, ही तडजोड चतुर खरी. पण तिची किंमत आहे. राज्यात सनदशीर असलेला धंदा संघाच्या लेखी गुन्हा असल्याने अनेक बँका त्यापासून दूर राहिल्या, आणि व्यवहार रोख पैशांत अडकून पडला. ज्या काळ्या बाजाराला हटवायचे, त्याच्याच सवयी उजेडातील व्यापाराला लागल्या.

आपल्याकडे चित्र उलटे

अमेरिकेत राज्यांनी दार ढकलले आणि संघाने ते धरून ठेवले. भारतात परिस्थिती नेमकी याच्या उलट आहे. १९८५ च्या कायद्याच्या आठव्या कलमातच वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांचा अपवाद आहे. दहाव्या कलमाने भांगेच्या झाडाच्या लागवडीस व चरस वगळता गांजाच्या उत्पादनास परवानगी देण्याचा, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. चौदाव्या कलमाने धागा व बियांसाठी लागवडीची मुभा ठेवली आहे. म्हणजे केंद्राने दाराची कडी काढलेली आहे. दार उघडायला बहुतेक राज्ये उठलेली नाहीत. ‘दिल्लीचा कायदा आड येतो’ ही सबब येथे फारशी टिकत नाही.

उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीची शिफारस करणारा समितीचा अहवाल स्वीकारला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने कृषी विद्यापीठांमार्फत प्राथमिक अभ्यासाला मंजुरी दिली. जागतिक पातळीवरही २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक परिशिष्टातून काढले, तेव्हा भारताचे मत बदलाच्या बाजूने पडले होते. व्हिएन्नात ज्या बाजूने हात वर केला, त्याचा अर्थ मुंबईच्या मंत्रालयात कोणी लावणार की नाही?

औषध म्हणून मोल किती?

येथे उत्साहाला आवर घातला पाहिजे. कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास भांगेचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाला हे द्रव्य ठाऊक झाले. आयुर्वेदात ‘विजया’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तथापि पुरातनता म्हणजे पुरावा नव्हे. आज ज्यांना बऱ्यापैकी आधार आहे असे उपयोग मोजके आहेत. बालकांच्या काही दुर्धर अपस्मारांवर भांगेतील नशा न आणणाऱ्या घटकापासून बनविलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरची मळमळ आणि काही मज्जाविकारांतील स्नायूंचा ताठरपणा यांतही उपयोग दिसतो. गांजाने कर्करोग बरा होतो, हा दावा मात्र निराधार असून तो करणारे रुग्णांच्या असहायतेचा बाजार मांडतात.

परंतु बंदीच्या अतिरेकाचीही किंमत रुग्णानेच मोजली आहे. १९८५ च्या कायद्याचा रोख मॉर्फिनवर नव्हता. तरी शिक्षेचे भय आणि परवान्यांचे जंजाळ यांमुळे पुढील दशकभरात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. जगासाठी अफू पिकविणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एकेका रुग्णालयाला अनेक परवाने, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नाही, अशी अवस्था होती. केंद्राने राज्यांना सोपे नियम सुचविले, पण थोड्याच राज्यांनी ते स्वीकारले. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग करून त्यांचे नियमन केंद्राने आपल्याकडे घेतले.

राज्यांची स्वायत्तता म्हणजे आपोआप उदारता नव्हे, हा या अनुभवाचा धडा आहे. रुग्णाच्या दृष्टीने एक कडक दार परवडते, पण अठ्ठावीस निरनिराळी दारे परवडत नाहीत.

शेतकऱ्याचा हिशेब

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याच पिकाला निश्चित भाव मिळत नाही, हे त्याचे कारण. पोलिसांनी ती प्रसिद्धीची युक्ती मानली. तशी ती असेलही. पण त्या अर्जातील तक्रार खोटी नव्हती, आणि सावनेर-काटोलच्या संत्रा व कापूस उत्पादकाला ती अनोळखी वाटणार नाही. तथापि गांजाचा आजचा चढा भाव ही त्या पिकाची किंमत नसून बंदीची किंमत आहे. तुरुंगाचा धोका, लाच आणि चोरटी वाहतूक यांचा मोबदला त्यात मिसळलेला असतो. आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ भागातून नागपूरमार्गे जाणाऱ्या मालावर जो नफा सुटतो, त्यातला फारच थोडा वाटा पिकविणाऱ्याच्या हाती पडतो. उद्या पीक खुले झाले तर भाव कोसळेल आणि कापसाचीच कहाणी नव्या नावाने सुरू होईल. शिवाय धाग्याच्या वाणात नशेच्या घटकाची मर्यादा सामान्यतः ०.३ टक्के धरली जाते; हवामानामुळे ती ओलांडली तर उभ्या पिकावर नांगर फिरविण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.

सामाजिक बाजूही नजरेआड करता येत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार वर्षभरात भांग-गांजा-चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती, आणि त्यांतील सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. हे ७२ लाख पोलिसांचे गिऱ्हाईक नव्हेत, डॉक्टरांचे रुग्ण आहेत. आणि कोवळ्या वयातील सेवनाचे मेंदूवरील दुष्परिणाम पाहता, ‘सारे खुले करा’ ही घोषणा महाविद्यालयाच्या आवारात कितीही टाळ्या मिळवो, तिला राज्याचे धोरण म्हणता येणार नाही.

म्हणून वाटणी रद्द न करता ती शहाणपणाने करणे हाच मार्ग उरतो. औषधाची शुद्धता, चाचण्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचे नियम देशभर एकच असावेत व ते केंद्राने ठरवावेत. लागवडीची जागा, तिचे प्रमाण आणि तिच्यावरील देखरेख राज्याने सांभाळावी. महाराष्ट्राने दहाव्या कलमाचा अधिकार प्रथम संशोधनापुरता वापरावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत वाणांची परीक्षा व्हावी, आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत औषधाची. निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, ते प्रतिकूल असले तरीही. व्यापारी परवान्यांचा विचार त्यानंतर.

एकशेतीस वर्षांपूर्वी परक्या सरकारने निर्णयापूर्वी अकराशे माणसांचे म्हणणे ऐकून घेतले होते. स्वतःच्या सरकारकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.