अवरक्त भूदृश्य छायाचित्रण : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मानवी डोळ्यास साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचे अस्तित्व विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तापमापकाच्या साहाय्याने दाखवून दिले. या अवरक्त किरणांपैकी दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या, सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्याचा उपयोग छायाचित्रणात केला जातो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी या किरणांच्या साहाय्याने टिपलेली भूदृश्ये १९१० मध्ये प्रसिद्ध केली. काळेभोर आकाश आणि हिमाच्छादित भासणारी झाडे हे या चित्रांचे वैशिष्ट्य होते. पुढे जगभरातील छायाचित्रकारांनी हीच शैली स्वीकारली. पर्जन्यछायेत वसलेल्या, बर्फाशी सुतराम संबंध नसलेल्या सोलापूरसारख्या प्रदेशात या कलाप्रकाराचा अर्थ काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पांढऱ्या पानामागील शास्त्र

अवरक्त छायाचित्र म्हणजे उष्णतेचे चित्र, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. वस्तूंच्या तापमानाचे चित्रण करणारे कॅमेरे याहून कितीतरी अधिक, सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीवर काम करतात. येथे मात्र सूर्याचेच अवरक्त किरण वस्तूंवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात येतात. पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. अवरक्त किरण मात्र त्यातून आरपार जातात. पानाच्या आतील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर हे किरण पुनःपुन्हा विखुरले जातात व त्यांचा बराचसा भाग बाहेर पडतो. त्यामुळे निरोगी पान जवळजवळ पांढरे दिसते. या परिणामास वुड यांचेच नाव देण्यात आले आहे; त्या इंग्रजी शब्दाच्या लाकूड या अर्थाशी त्याचा संबंध नाही. याउलट पाणी अवरक्त किरण शोषून घेते आणि स्वच्छ आकाश त्यांना फारच थोडे विखुरते. म्हणून दोन्ही काळी दिसतात.

पानाच्या या गुणधर्माचा उपयोग भारतात विज्ञानाने कलेच्या बऱ्याच आधी केला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने १९७० च्या सुमारास केरळमधील रोगग्रस्त नारळबागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. भारतीय दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. पान पांढरे दिसते ते त्याच्या अंतर्गत रचनेमुळे आणि ती रचना बिघडली की छटाही बदलते, हे तत्त्व शास्त्रज्ञ व कलावंत या दोघांनाही सारखेच लागू आहे.

साधने व तंत्र

कोडॅक कंपनीने आपल्या कृष्णधवल अवरक्त फिल्मचे उत्पादन २००७ मध्ये थांबविले. तथापि डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक मुळातच अवरक्त किरणांना संवेदनशील असतो. रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे हे किरण अडविणारी काच बसविलेली असते. ती काढून कॅमेरा कायमचा अवरक्त करता येतो किंवा भिंगापुढे ७२० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद फिल्टर लावून तिपाईवर दीर्घ उद्भासन देता येते. दुसऱ्या पद्धतीत वाऱ्याने हलणारी पाने धूसर होतात. अवरक्त किरणांचा नाभिबिंदू किंचित वेगळा असल्याने स्पष्टता जुळविण्यातही दक्षता घ्यावी लागते. भूदृश्यांसाठी सर्वसाधारण छायाचित्रकार दुपारचे कडक ऊन टाळतो. अवरक्त छायाचित्रणास मात्र तेच मानवते. या दृष्टीने सोलापूरची दुपार उपकारक ठरते. उन्हाळ्यातील धुळीचे कण मोठे असल्याने ते अवरक्त किरणांनाही विखुरतात. म्हणून पावसाळ्यानंतरची स्वच्छ हवा अधिक अनुकूल होय.

सोलापूरचे भूदृश्य

ज्या प्रदेशात सर्वत्र हिरवळ असते तेथे अवरक्त चित्रातील पांढरेपणा हे केवळ अलंकरण ठरू शकते. सोलापूर जिल्ह्यात हिरवे पान कोठे आहे हा मुख्यतः पाणी कोठे पोहोचले आहे याचा प्रश्न आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय चित्रात काळा दिसेल, त्याच्या लाभक्षेत्रातील ऊस शुभ्र दिसेल आणि नांगरून पडलेली काळी जमीन गडद करडी दिसेल. पाण्याच्या वाटपाचा नकाशाच अशा प्रकारे चित्रात उमटतो.

परंतु येथेच कलावंताने सावध राहणे आवश्यक आहे. सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानाचा समावेश १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात होतो. साध्या कृष्णधवल चित्रात वाळलेल्या गवताचा माळ उजळ व ऊस गडद दिसतो; अवरक्त चित्रात हा क्रम उलटतो. ऊस झळाळतो आणि माळ करड्या छटेत विरून जातो. सरकारी व लोकव्यवहारात ज्या गवताळ प्रदेशाला आधीच पडीक म्हटले गेले, त्याची उपेक्षा हे माध्यमही नकळत पुढे चालविते. तीच गोष्ट तलावांची. सिद्धेश्वर तलावाच्या काळ्या पाण्यातील मंदिराचे चित्र निःसंशय मनोहर होईल; पण एखाद्या तलावावर जलपर्णी पसरलेली असेल, तर प्रदूषणावर पोसलेली ती वनस्पतीही चित्रात तितकीच शुभ्र व रम्य भासेल.

आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतील संघर्षाचे चित्रण हिरवाई गुलाबी दाखविणाऱ्या अवरक्त फिल्मवर केले व ते २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात प्रदर्शित झाले. मुळात छद्मावरण ओळखण्याच्या लष्करी गरजेतून जन्मलेल्या या फिल्मचा वापर त्यांनी दुर्लक्षित युद्धाकडे लक्ष वेधण्यासाठी केला. हिंसेला मोहक रूप दिल्याचा आक्षेपही त्यांच्या कामावर घेण्यात आला. माध्यमाचे सौंदर्य आणि विषयाचे सत्य यांतील हा ताण सोलापूरच्या भूदृश्यातही वेगळ्या स्वरूपात उपस्थित आहे.

निष्कर्ष

अवरक्त छायाचित्र खोटे नसते. ते वास्तवाच्या एका पट्ट्याचा निष्ठेने आलेख देते. मात्र त्यातील शुभ्रता म्हणजे समृद्धी आणि करडेपणा म्हणजे अभाव, हे समीकरण प्रेक्षकाच्या मनात सहज तयार होते. ते मोडण्याचे दोन मार्ग संभवतात. एकाच जागेचे साधे व अवरक्त छायाचित्र शेजारी ठेवल्यास कोणती छटा माध्यमाची व कोणती जमिनीची हे उमगते. तसेच एकाच माळाचे सप्टेंबरात व एप्रिलमध्ये चित्रण केल्यास पावसाने हिरवा होणारा माळ आणि कालव्याने हिरवा राहणारा ऊस यांतील भेद स्पष्ट होतो. महाविद्यालयांतील भूगोल, वनस्पतिशास्त्र व भौतिकशास्त्र या विभागांना छायाचित्रकारांसमवेत हे काम अल्प खर्चात हाती घेता येण्यासारखे आहे. तसे झाल्यास परक्या हिमदृश्यांचे अनुकरण न राहता या कलाप्रकारास कोरडवाहू प्रदेशाची स्वतःची दृष्टी लाभू शकेल.